डावीकडचा खटका

ओव्हन घरात आला त्या दिवशी माझी शेगडी माळ्यावर गेली. थोरल्याने ती स्वतः उचलली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि मयताला खांदा द्यावा तशा गंभीर चेहऱ्याने शिडीवर चढला. ओट्यावर तिच्याखालची चौकोनी जागा उजळ राहिली होती. त्या जागेवर त्याने तो खोक्याएवढा टोस्टर ओव्हन मांडला. काचेचं दार, आत एक जाळी, एक पत्र्याचा ट्रे आणि पुढे तीन गोल बटणं, बाकी काही नाही.

"आई, हा सुरक्षित आहे," तो म्हणाला. "वेळ संपली की आपोआप बंद होतो. तुला काही लक्षात ठेवायला नको."

हे त्याने मला ऐकवलं. मी छत्तीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहिलेली बाई. गिऱ्हाईक रस्ता ओलांडताना दिसलं की त्याचा कोट माझ्या हातात असायचा, पावती बघायची वेळच यायची नाही. निवृत्त झाले तरी मालक मला आठवड्यातून दोन दिवस बोलवायचे, कारण नव्या मुलींना नंबर वाचूनही कपडे सापडायचे नाहीत. पण दुधाच्या प्रकारानंतर मीच तिथे जाणं बंद केलं. ज्या बाईला स्वतःचं दूध आठवत नाही तिने लोकांचे कोट कशाला सांभाळायचे?

दुधाचं असं झालं. चार महिन्यांपूर्वी मी खाली पत्रपेटी बघायला गेले आणि तळमजल्यावरच्या बाईंशी बोलत पंधरा मिनिटं थांबले. वर आले तर स्वयंपाकघरात धूर, आणि आमचे हे चिमट्यात काळंठिक्कर पातेलं धरून उभे. "दूध ठेवून गेलीस की गं," ते म्हणाले. मला दूध ठेवल्याचं आठवेना. पातेलं काढल्याचं नाही, गॅस पेटवल्याचंही नाही. पुढच्या महिन्यात मी आंघोळीहून बाहेर आले तर शेगडीचं बटण चालू, ज्वाला नाही, नुसता गॅस सुटलेला. तेही मला आठवेना. यांनी मुलांना फोन केला आणि मुलं मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी कागद दिला आणि म्हणाले, "आजी, एक घड्याळ काढा. त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." आता आमचे हे घड्याळं दुरुस्त करणारे. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणते, मीही रागात असले की तेच म्हणते. उभं आयुष्य मी काट्यांच्या आणि चक्रांच्या डब्यांमधून केर काढला. पण त्या दिवशी घाबरून मोठा काटा मी दोनऐवजी दहावर काढला. लगेच खोडला, पण डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं होतं.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा मुलं औषधं आणायला गेली होती. मी यांना म्हणाले, "अहो, माझं डोकं चाललंय. उद्या तुम्हालाही ओळखलं नाही तर मला कुठे टाकू नका." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मी आहे ना," म्हणाले. पुढचे तीन महिने मी त्या तीन शब्दांवर काढले. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या, नळ बघ, चावी घे, दिवा बंद कर. दाराबाहेर पडून तीन तीनदा परत येऊन बघायचे. यांनी कधी कंटाळा केला नाही. उलट नवऱ्याने बायकोला किती जपावं याचं उदाहरण म्हणून धाकटी जावयाला यांचंच नाव सांगायची.

ओव्हन मात्र मी शिकले. आधी त्याचा राग आला. कानामागून आला आणि तिखट झाला, अशी त्याची गत. पण राग धरून पोट भरत नाही. पहिल्या दिवशी बटाटे वरून कोळसा आणि आतून कच्चे झाले. मग कळलं की बारीक फोडी करायच्या आणि ट्रे खालच्या खाचेत सरकवायचा. पाव भाजायचा तर जाळी मधे ठेवायची. खाली चुरा साठतो तो ट्रे रोज झटकायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कालचा वास येतो. दोन बोटं भाजून घेतली आणि मग आमचं जमलं.

तिसरं बटण वेळेचं. उजवीकडे फिरवलं की टिकटिक सुरू होते आणि वेळ संपली की ट्रिंग वाजून ओव्हन बंद होतो. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ हवा असेल तर बटण आधी वीसपर्यंत न्यायचं आणि मग मागे आणायचं, नाहीतर आतली स्प्रिंग नीट धरत नाही. तसं पुस्तिकेतच लिहिलंय. डावीकडे एक खटका आहे. तिकडे बटण ठेवलं की टिकटिक नाही, ट्रिंग नाही. कोणी बंद करेपर्यंत ओव्हन तापतच राहतो. थोरल्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, डावीकडे कधीही नाही." मी कधीही नेलं नाही. घाबरलेलं माणूस फार आज्ञाधारक असतं.

पण घड्याळजींना पुस्तिका मान्य नव्हती. पावाला चार मिनिटं लागतात, म्हणजे बटण वीसपर्यंत नेऊन मागे आणणं आलं. आणि कुठलंही घड्याळ मागे फिरवणं हे त्यांच्या लेखी पाप. दुकानात गिऱ्हाइकांनी काटे उलटे फिरवले की हा माणूस त्यांना मास्तरांसारखा झापायचा. "चक्राचे दात झिजतात," ते मला म्हणाले. "डावीकडे स्प्रिंग नाही, नुसता खटका आहे. आणि मला टायमर कशाला? माझ्या मनगटावर घड्याळ आहे." मग ते डावीकडे बटण टाकायचे, मनगटाकडे बघत चार मिनिटं ओव्हनसमोर उभे राहायचे आणि बरोबर वेळेला बंद करायचे. मी बघायचे आणि मनात म्हणायचे, बरं आहे बाई, दोघांपैकी एकाचं तरी डोकं जागेवर आहे.

त्या बुधवारी दुपारी मी यांच्या डोळ्यांचे थेंब आणायला निघाले. औषधवाल्याने दाराला पाटी लावली होती, तासाभराने येतो. मी परत फिरले. माझ्या चावीने दार उघडलं तर जळका वास. हे ओव्हनसमोर, माझ्याकडे पाठ. त्यांनी बटण धरलं आणि फिरवलं, डावीकडून शून्यावर. खटका वाजला तो मी ऐकला. मग प्लग काढला, खिडकी उघडली, जाळीवरचे पावाचे दोन कोळसे चिमट्याने बशीत ठेवले आणि वळले. मी दारात उभी.

"बघ," ते मऊ आवाजात म्हणाले. "पुन्हा चालू ठेवून गेलीस."

खरं सांगते, माझं तोंड सवयीने उघडलं होतं. चुकलं हो, लक्षात राहिलं नाही, असं म्हणायला. चार महिन्यांत ते वाक्य जिभेवर बसलं होतं. पण बटण मी पाहिलं होतं. डावीकडे. मी तोंड मिटलं, पिशवी खुंटीला लावली आणि खुर्चीवर बसले.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दूध मला आठवत नव्हतं, कारण ते मी ठेवलंच नव्हतं. गॅस मी चालू केलाच नव्हता. न केलेली गोष्ट कोणाला आठवते? आणि मी त्या न आठवण्याला रोग समजून बसले. घरभर चिठ्ठ्या लावल्या, लाँड्री सोडली. स्वतःच्या डोक्याकडे चोरासारखं बघितलं. हा माणूस समोर बसून ते सगळं बघत होता आणि मला पाणी आणून देत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापताना दुखतसुद्धा नाही.

संध्याकाळी मी न्हाणीघरात होते तेव्हा त्यांचा फोन ऐकला. "दिवसेंदिवस वाढतंय रे. आता ओव्हनही झेपत नाही तिला. रविवारी या, काय ते ठरवू."

रविवारपर्यंत मी ताकास तूर लागू दिली नाही. गुरुवारी थेंब आणले आणि सकाळ संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत घातले. मान मागे टाकून, डोळे उघडे ठेवून ते माझ्या हाताखाली निवांत पडायचे. मला वाटायचं, किती विश्वास आहे या माणसाचा माझ्यावर. त्या विचाराने जेवढं रडू यायचं तेवढाच संताप यायचा. तीन दिवस मी वाट पाहिली की आत्ता बोलतील, आत्ता बोलतील. ते हवेबद्दल बोलायचे.

रविवारी चार वाजता दोघं मुलं आली. मी चहा टाकला, म्हणजे विजेच्या किटलीत पाणी ठेवलं, तेवढीच मुभा उरली होती. आणि म्हणाले, "आज पाव यांच्या हातचा खा. चीज घालून. माझ्यापेक्षा यांना छान जमतो." मुलांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी चार तुकडे जाळीवर मांडले, बटण डावीकडे टाकलं, मनगटाकडे बघितलं. "चार मिनिटं," म्हणाले आणि टेबलाशी येऊन बसले. मी आधीच बसले होते, भिंतीच्या बाजूला, दोन्ही हात मांडीवर.

थोरल्याने विषय काढला. आई, तू माझ्याकडे राहायला ये. तिथे तुला एक खोली आहे, खिडकी आहे, दिवसा एक बाई येते. स्वयंपाकाचं बघायलाच नको. धाकटी खाली बघून टेबलावरचं फडकं घडी करत होती, उलगडत होती.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"ते इथेच. त्यांना कोणाची गरज नाही ना."

मग हे बोलायला लागले. मी कसं दूध विसरले, गॅस कसा विसरले, बुधवारी काय झालं. बोलताना त्यांचा आवाज भरून आला, तोही खरा होता, मी ओळखते. पाच मिनिटं झाली. सात झाली. माझ्या खुर्चीवरून ओव्हनचा लाल दिवा सरळ दिसत होता. आधी चीज फुगलं, मग तपकिरी झालं, मग कडा काळ्या. उठून बंद करायला मला चार पावलं पुरली असती. मी उठले नाही. मी फार भली बाई आहे असं मी कुठे म्हटलंय?

वास आला तसा थोरला ताडकन उठला. "आई, अगं ओव्हन," म्हणाला. पुढे सवयीने आणखी काही म्हणणार होता, पण मी त्याच्यासमोरच बसलेली होते. त्याने प्लग ओढला. दार उघडल्यावर धूर छताला गेला.

तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं. एक्केचाळीस वर्षांत मला त्यांची प्रत्येक नजर पाठ झालीय. आत्ताची नजर म्हणत होती, घे ना, तू घे अंगावर. आणि तोंडाने म्हणाले, "अगं, तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना मी."

"बाबा," धाकटी म्हणाली, "तुम्ही कोणालाच काही सांगितलं नाही. आणि आई इथून हललीसुद्धा नाहीये."

मी उठले आणि ओव्हनच्या बटणावर बोट ठेवलं. "हे डावीकडे आहे," मी मुलांना म्हणाले. "बुधवारीही डावीकडेच होतं. मी दारातून बघितलं. यांनी ते शून्यावर आणलं आणि मग मला सांगितलं की तू विसरलीस. मी हे बटण एकदाही डावीकडे नेलेलं नाही. आता दुधाचं यांना विचारा."

थोरला नुसता बापाकडे बघत राहिला. घड्याळजींनी मनगटावरचं घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

"मला भीती वाटली," ते शेवटी म्हणाले. "दूध मीच ठेवलं असणार, पण मला आठवेना. तू दारात दिसलीस आणि तोंडातून तुझं नाव निघालं. मग मागे घेता येईना."

"भीती मलाही वाटत होती," मी म्हणाले. "चार महिने. आणि तुम्ही माझा हात धरून बसला होतात."

त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. मी माझे हात पदराला पुसले आणि थोरल्याला माळ्यावरून शेगडी काढायला सांगितलं.