अंतर्यामींचं आत्मदर्पण

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, उरलेले लोक भिंतीला चिकटून उभे राहिले. व्यासपीठावर पांढऱ्या सुटातले अंतर्यामी बसले होते. हे नाव त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनी स्वतःच घेतलं होतं. मांडीवर मखमलीत गुंडाळलेली एक काळी चपटी काच होती. तिला ते 'आत्मदर्पण' म्हणत.

"बोलू नका! ओठसुद्धा हलवू नका!" अंतर्यामी खर्जात गरजले. "बोलावं लागतं ते अज्ञान. मी विचारत नाही, मी पाहतो. तुमच्या आत्म्याचा कंप या दर्पणावर उमटतो. कुणाचा निळा, कुणाचा सोनेरी..."

मग नंबर पुकारल्यावर समोर आलेल्या एका पोक्त गृहस्थांकडे न बघता त्यांनी काचेकडे बघितलं. "भावाशी बिनसलंय. वाटणीवरून. वकील शोधताय."

गृहस्थांनी व्यासपीठाच्या कडेला डोकं टेकलं. सभागृहातून 'अहाहा' असा एकच उद्गार निघाला.

मागच्या रांगेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. शाळेत काय आणि शाळेबाहेर काय, सगळे त्यांना बाईच म्हणत. त्या आपणहून आल्या नव्हत्या. शेजारी बसलेल्या वहिनीने, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या बायकोने, त्यांना ओढत आणलं होतं. बाई त्या निळ्या कंपावर काहीतरी बोलणार, तोच वहिनीचा नंबर पुकारला गेला.

अंतर्यामींनी डोळे मिटले, उघडले, काचेत पाहिलं. "छातीत गाठ आहे. डावीकडे. कुणाला सांगितलं नाहीस. नवऱ्यालाही नाही."

भरल्या सभेत, शेकडो लोकांसमोर, ध्वनिक्षेपकावरून! बाईंना अशी शिसारी आली की उठून त्या माणसाच्या तोंडासमोरचा माइक हिसकावून घ्यावासा वाटला. वहिनी मात्र ढसाढसा रडत हात जोडून उभी होती.

"सुरी लावू देऊ नकोस," अंतर्यामी म्हणाले. "सुरी लागली की गाठीतला काळा कंप अंगभर पसरतो. माझं भारलेलं पाणी घे. तीन महिन्यांत विरघळेल."

वहिनी दोन्ही हातांत बाटल्या घेऊन परतली आणि सभागृहाच्या दारातच त्या खाली ठेवून, रुग्णालयात फोन करून तिने दुसऱ्या दिवशीची तपासणी रद्द केली.

बाईंच्या थोरल्या भावाचं पडदे शिवण्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे कापण्याचं लांबलचक टेबल. ते टेबल आवरता आवरता नणंद-भावजयीची जुंपली.

"वहिनी, एवढं मोठं दुखणं, आणि मला सांगितलं नाहीत?"

"कशी सांगू, वन्सं? यांना सांगावं तर हे हातपाय गाळून बसणार. तुम्हाला सांगावं तर तुम्ही लगेच वर्गावर घेतल्यासारखं शिकवायला लागणार."

हे बाईंना चांगलंच झोंबलं, कारण त्या तोंड उघडून तेच करणार होत्या.

"रुग्णालयातही नुसती वेळ घेतली होती, कशासाठी ते मी एकाही जिवंत माणसाला बोलले नव्हते," वहिनी पुढे म्हणाली. "अंतर्यामींना कळलं कसं, एवढं सांगा. सांगा, आणि मी सगळ्या बाटल्या मोरीत ओतते."

"जिवंत माणसाला नाही. निर्जीव वस्तूला सांगितलंत?"

वहिनीचा पडद्याची घडी घालणारा हात थांबला. तिने काउंटरवरच्या संगणकाकडे पाहिलं.

दुकानात संगणक एकच. ज्याचा हात रिकामा तो त्यावर बसे. कापडाची मागणी, गिऱ्हाइकाची मापं, फावल्या वेळची करमणूक, सगळं तिथेच. कुठलीही वेबसाइट उघडली की तळाशी कुकींची पट्टी येई, आणि झुरळावर चप्पल हाणावी तसं सगळे फटकन 'सर्व स्वीकारा' हाणत. काय स्वीकारलं हे या घरात आजवर कुणी वाचलं नव्हतं. बाईंनीही नाही.

"दुपारी सगळे जेवायला गेले की मी बसले होते," वहिनी हळूच म्हणाली. "आरोग्याची एक साइट आहे. 'तुमची लक्षणं तपासा.' चित्रातल्या बाईवर जिथे त्रास आहे तिथे बोट ठेवायचं. मग ती विचारते, घरी सांगितलंत का? मी 'नाही' केलं."

"आणि अंतर्यामींकडे नाव?"

"त्यांच्या साइटवर. नाव, फोन. याच संगणकावरून."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. आरोग्याच्या साइटवर कुणाकुणाच्या कुकी येतात ते ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. मग कोर्टकचेरीचा सल्ला देणारी साइट पाहिली, लग्न जुळवणारी पाहिली, शेवटी अंतर्यामींची पाहिली. चारही ठिकाणी एकाच कंपनीचं नाव होतं. प्रत्येक साइटच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, लिहिलेलं: आपली माहिती आमच्या विश्वासू भागीदारांना दिली जाऊ शकते. त्या भागीदारांत 'आत्मिक सल्लागार' होते.

"शी!" बाई एवढंच म्हणाल्या. मेलेल्या उंदराचा वास यावा तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"मला नीट सांगा, वन्सं. वर्गावर घेतल्यासारखंच सांगा."

"आपण गिऱ्हाइकाच्या कापडाला नंबराची चिठ्ठी टाचतो ना? कुकी ही तशी चिठ्ठी. साइट ती आपल्या ब्राउझरला टाचते, पुढच्या वेळी ओळखावं म्हणून. कापडवाल्याच्या साइटवर रोज नव्याने पासवर्ड घालावा लागत नाही तो त्या चिठ्ठीमुळे. तिथवर ठीक आहे. पण ही कंपनी चार दुकानांत बसून एकच नंबर वाचते. नंबर अमुकने छातीवर बोट ठेवलं. नंबर अमुकने घरी सांगितलेलं नाही. आणि मग तुम्ही स्वतः जाऊन त्या नंबरापुढे नाव लिहून आलात."

वहिनीने पडदा पुन्हा हातात घेतला. "तुमचा तर्क आहे," ती म्हणाली. "त्यांनी मला पाहिलं, माझं दुःख पाहिलं, हे मी अनुभवलंय."

"मग करून बघू. चुकले तर मी बाटल्या वाहून आणीन."

दुकानात पडदे बेतणारे एक मास्तर होते. झुबकेदार मिशा, मितभाषी. बाईंनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन साठलेल्या सगळ्या कुकी पुसल्या. मग आरोग्याच्या साइटवर, पट्टीतलं 'सर्व स्वीकारा' मुद्दाम दाबून, पुरुषाच्या चित्रावर उजव्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. नख आत वाढलंय? होय. पू येतो? होय. घरी सांगितलंत? नाही. लगोलग अंतर्यामींच्या साइटवर, मास्तरांना विचारून, त्यांचं नाव घातलं.

स्वतःचं नाव मात्र त्यांनी आपल्या मोबाइलवरून घातलं. तिथे आधी जुन्या कुकी पुसल्या, सेटिंगमध्ये दुसऱ्यांच्या कुकी अडवल्या, आणि पट्टी आल्यावर करड्या रंगात लपवलेलं 'पर्याय' उघडून 'फक्त आवश्यक' निवडलं. आरोग्याच्या साइटकडे त्या मोबाइलवरून फिरकल्याही नाहीत. पुढच्या सभेला बाई, वहिनी आणि मास्तर तिघंही गेली.

आधी बाई उभ्या राहिल्या. अंतर्यामींनी काचेत पाहिलं. पुन्हा पाहिलं. बोटाने काच जराशी चोळली.

"तुझ्याभोवती संशयाचा दाट पडदा आहे," ते म्हणाले. "कंप बाहेर येत नाही. पुढच्या वेळी ये."

मग मास्तर. इथे अंतर्यामींचा चेहरा एकदम उजळला.

"अहाहा! लालभडक कंप! उजवा पाय. अंगठा. नख मांसात शिरलंय, पू वाहतोय. रात्रंदिवस ठणकतंय, आणि घरी सांगत नाहीस. भारलेल्या पाण्यात पाय बुडव, सात दिवसांत..."

"कुठला पाय म्हणालात?" मास्तरांनी विचारलं.

"उजवा! आत्म्याला डावं-उजवं कळतं."

मास्तरांनी शांतपणे वाकून उजव्या पायावरची विजार गुडघ्यावर चढवली आणि व्यासपीठाच्या कडेवर पाय ठोकला. टक्क असा आवाज झाला. गुडघ्याखाली फायबरचा पाय होता, तरुणपणीच्या अपघातापासूनचा.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सभागृहच हास्याने फुटलं.

"मागच्या जन्मीचा अंगठा!" अंतर्यामी ओरडले. "त्याचा कंप..."

तोवर बाई व्यासपीठावर चढल्या होत्या. त्यांनी मखमल बाजूला केली. खाली चार्जरची वायर लोंबत होती. आत्मदर्पण म्हणजे एक साधा टॅबलेट होता. त्यावर मास्तरांचं नाव, आणि पुढे: उजवा पाय, अंगठा, पू होय, घरी सांगितले नाही.

बाईंनी तेवढं मोठ्याने वाचलं. त्याखाली बाकीच्यांची नावं होती, आणि प्रत्येकापुढे त्याने भीतभीत कुठेतरी दाबलेलं बटण.

"पुढचं वाचा!" लोक ओरडले.

"नाही वाचणार," बाई म्हणाल्या. "ते माझं नाही. याचंही नव्हतं." त्यांनी टॅबलेट पालथा घातला आणि पदराला हात पुसले.

अंतर्यामी मागच्या दाराने पसार झाले. इतकं होऊनही काही लोक बाटल्यांच्या टेबलाशी रांग लावून उभे होतेच. "यंत्र असलं म्हणून काय झालं, शक्ती असल्याशिवाय यंत्र चालतं का?" एक जण दुसऱ्याला समजावत होता. बाईंना त्या सुटातल्या माणसापेक्षाही त्या रांगेची जास्त किळस आली.

वहिनी बाहेरच्या पायरीवर बसली होती.

"मी मूर्ख नाही, वन्सं," ती म्हणाली. "इतकी वर्षं एका घरात राहतोय. महिनाभर मला घास गिळवत नव्हता. तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि एका परक्या माणसाने न सांगता ओळखलं. मग मला तो देव वाटला, तर माझं काय चुकलं?"

बाई शेजारी बसल्या, रुग्णालयाचा नंबर लावला आणि फोन वहिनीच्या हातात दिला.

तपासणीत गाठ निघाली आणि ती साधी नव्हती, कर्करोगाची होती. पण वेळेत काढता आली. "तीन महिने पाण्यावर काढले असते, तर आज मी तुमच्याशी वेगळंच बोलत असते," डॉक्टरीणबाई भावाला म्हणाल्या. भाऊ बायकोचा हात सोडेना.

वाचकहो, मनातलं ओळखणारा माणूस आजवर जन्मलेला नाही. कुणी तुमचं गुपित सांगितलं तर हात जोडण्याआधी आठवा, ते आपण कुठे टिपलं होतं. कुकींच्या पट्टीवर नकाराचं बटण बहुतेक वेळा असतं, लपवलेलं असलं तरी शोधा. साठलेल्या कुकी अधूनमधून पुसा, नको असलेल्या अडवा. हे काम कुणालाही जमण्यासारखं आहे. आणि घरातलं माणूस ताटावरून न जेवता उठलं, तर त्याला तुम्ही विचारा. तुम्ही नाही विचारलंत, तर विचारायला कुणीतरी टपून बसलेलं आहे.