सात नंबरचं शेपूट

संग्रहालय म्हणजे जुन्या पोस्टाच्या दोन खोल्या. पहिलीत वर्षभर तेच : नांगर, वजनमापं आणि एक भलंमोठं कुलूप. त्याची किल्ली हरवलेली, म्हणून ते ऐतिहासिक. दुसरीत ‘युद्धकाळातला आपला विमानतळ’ हे प्रदर्शन लागायचं होतं. उद्घाटनाला दोन दिवस उरले होते आणि सुताराची लेक, वय वर्षं शहाऐंशी, मधल्या मोठ्या फोटोला नाक लावून उभी होती.

फोटो शत्रूनं वरून काढलेला. गावाबाहेरच्या माळावर आठ विमानं, रांगेत. खाली पाटी : ‘सज्ज लढाऊ विमाने. क्रमांक सातच्या शेपटीला लढाईत इजा झालेली दिसते.’

“लढाईत नाही,” म्हातारी म्हणाली. “शेळीनं खाल्लं ते.”

संग्रहालयाची बाई शिडीवर होती. तरुण होती, नवीन होती. म्हाताऱ्यांचं सगळं ऐकून घ्यायचं, असं तिला शिकवलेलं होतं. “बरं, आजी.”

“आमचीच शेळी. गोणपाटाला कणकेची खळ लावली होती ना, मग ती का सोडेल?”

कोपऱ्यात ऐंशी पार केलेले मास्तर उद्घाटनाचं भाषण लिहीत बसले होते. शूर वैमानिकांवर दोन पानं झाली होती. ते मान वर न करता म्हणाले, “घरकोंबड्याची लेक ती. तिच्याकडून युद्धाच्या गोष्टी ऐका आता!”

गावात सुताराला सगळे घरकोंबडाच म्हणायचे. हातीपायी धड असलेले सगळे बाप्ये लढायला गेले. हा मात्र घरी, रंधा मारत. कुणी तोंडावर म्हटलं तर तो हसायचा आणि फळीवरचा भुसा फुंकायचा. नव्वदीत गेला, तोही घरकोंबडाच म्हणून गेला.

म्हातारी शिडीखालच्या खुर्चीवर बसली. शिडीवरून उतरायची बाईची पंचाईत झाली.

“खरा विमानतळ नदीपलीकडे होता,” म्हातारी म्हणाली. “इथला खोटा. शत्रूनं फसावं म्हणून. आठही विमानं माझ्या बापानं केली, प्लायवूड आणि गोणपाटाची. साहेब लोकांनी कागदावर सही घेतली, कुणाला सांगायचं नाही. मी सहा वर्षांची. खळीचं भांडं मी धरायचे, म्हणून माझ्याकडूनही शब्द घेतला. आई तेवढी गुणगुणायची, दार लावून :

आठ गं पाखरं, नाही दाणा, नाही पाणी
वारा म्हणे चला, खिळा म्हणे बसा, राणी.”

“मग ऐंशी वर्षं गप्प का बसलात?” मास्तरांनी विचारलं.

“शब्द दिला होता. पण आता बापाचं काम भिंतीवर लागलंय आणि त्याचं नाव कुठंच नाही. शेळीचं कामसुद्धा शत्रूच्या नावावर! एवढं मला नाही सोसत.”

बाई बिचकत म्हणाली, “आजी, पण पुरावा लागतो.”

“स्वयंपाकघरात आहे. चला. मास्तर, तुम्हीही या, कपाट जड आहे.”

युद्ध संपल्यावर सुताराला विमानं जाळायचा हुकूम आला होता. सुताराला लाकूड जाळ म्हणणं म्हणजे आईला पोर विक म्हणण्यासारखं. त्यानं गोणपाट जाळलं, धूर भरपूर केला आणि फळ्या घरी आणल्या.

तिघांनी कपाटातली भांडी जमिनीवर मांडली. मास्तर एकेक पेला दोन्ही हातांनी उतरवत होते. मग कपाट फिरवलं. पाठीवर, उलटा, लहान पोराएवढा पांढरा सात. रंगाचा एक ओघळ थेट फळीच्या कडेपर्यंत गेलेला.

“सुतार होता, रंगारी नव्हता,” म्हातारी म्हणाली.

बाईनं पिशवीतून फोटोची प्रत काढली, भिंग धरलं. सात नंबरच्या पंखावर ओघळ होता. तस्साच, कडेपर्यंत. तिनं भिंग फळीवर धरून ओघळ पुन्हा पाहिला. मग म्हणाली, “म्हणजे वैमानिक...”

“नव्हतेच. उडायचं कशात?”

मास्तरांनी खिशातली दोन पानं काढून पाहिली आणि परत ठेवली.

उद्घाटनाला कपाट खोलीच्या मधोमध उभं होतं, गावाकडे पाठ करून. नवी पाटी अशी होती : ‘फसवी विमाने, आठ. बनवली गावच्या सुताराने. क्रमांक सातचे शेपूट त्याच्या शेळीने खाल्ले. शत्रूने खरी समजून यांच्यावर तीन बॉम्ब टाकले. जीवितहानी नाही.’

लोक वाचत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. भाषण झालं नाही. मास्तरांचा घसा बसला होता म्हणे. गर्दी सरल्यावर ते कपाटाजवळ आले. सांध्यावरून अंगठा फिरवला. सांधा कुठं लागला नाही.

“आमचा दादा होता नदीपलीकडे,” ते म्हणाले. घसा बरा वाटत होता. “त्या दिवशी तिथंच होता. धावपट्टीवर.”

“माहीत आहे.”

“इथं तीन पडले ते...”

“हो. तिकडेच पडायचे होते.”

मास्तर उगाच चष्मा पुसत राहिले. “तुमच्या वडलांनी कधी बोलून नाही दाखवलं.”

वडलांनी. म्हातारीनं तो शब्द ऐकला, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. बापाचीच लेक होती.

“आणि शेळी? ती वाचली का त्यातून?” मास्तरांनी विचारलं.

“शेळीला काय धाड भरली होती! ती तोवर आठ नंबर खायला गेली होती.”