माझ्या हातून सांडलेले ठोके

मी काओशुंग शहरातल्या एका डेटा सेंटरमधला आभासी स्विच बोलतोय. अजून पुरता हादरलेला आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मला ना पत्रा, ना वायर. यंत्राच्या पोटात बसलेला मी नुसता प्रोग्राम. या एका यंत्रात वीस-पंचवीस आभासी संगणक भाडेकरूंसारखे नांदतात. त्यांचे निरोप तुकड्या-तुकड्यांनी येतात. ते मी रांगेत लावतो आणि ज्याचे त्याला पोचवतो. रांग भरली की पुढचा तुकडा टाकून देतो. गुपचूप. मला बनवलंच तसं.

पाठवणाऱ्याला 'जरा थांब' सांगायची सोयही माझ्यात आहे, पण ती बंद ठेवलेली. त्सेंग यीरोउ ही नवी इंजिनिअर आली तेव्हा तिने ती चालू करू का म्हणून विचारलं होतं. तिचे वरिष्ठ फानदादा हसले. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे त्याच्यावर मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा ठेवतात. तारीख उलटायच्या आत फानदादा तो न चुकता बदलायचे. "तीन वर्षं गुणाने चालतंय ना? मग कशाला त्याच्या वाटेला जातेस?" ते म्हणाले. पुड्याची तारीख सगळे बघत. मी टाकलेल्या तुकड्यांचा आकडा कोणी बघत नव्हतं.

सातव्या महिन्यातली, भटक्या आत्म्यांना जेवू घालायची पूजा होती. भर दुपारी सगळे अंगणात, फळं नि बिस्किटं मांडून, उदबत्त्या धरून उभे. तेवढ्यात एका भाडेकरूने आपल्या सगळ्या साठवलेल्या माहितीची नक्कल काढायला घेतली. बाप रे, नुसता लोंढा! माझी रांग तुडुंब भरली आणि मी टाकत सुटलो.

त्या गर्दीत पंगहू बेटावरच्या हुंग आजींच्या हृदयाचा आलेख होता. शहरातले डॉक्टर तो थेट पडद्यावर बघत होते. अशा थेट आलेखाचे हरवलेले तुकडे परत कोणी मागत नाही. पडदा उरलेली टोकं सांधतो आणि रेघ छान दिसते. आजींचे चुकलेले ठोके नेमके मीच टाकले होते. डॉक्टर म्हणाले, घरी जाऊ द्या.

बेटावरच्या औयांग सिस्टरांनी ऐकलं नाही. आजींच्या खाटेजवळच्या यंत्रातून निघालेल्या, त्यांच्या हातातल्या कागदावर रेघ वेडीवाकडी उड्या मारत होती. त्यांनी फोनवरून डॉक्टरांना चांगलं फैलावर घेतलं, आजींना खाटेवरून उठू दिलं नाही, आणि मग आमच्याकडे तक्रार केली. आजी वाचल्या.

फानदादा अंगणातून धावत आले. यीरोउने माझा आकडा उघडून दाखवला. एकेचाळीस लाख. दादांचा चेहरा पांढराफटक पडला.

"एवढे सगळे आजचे?"

"आजचे नऊ हजार, दादा. बाकीचे तीन वर्षांतले."

दादांनी स्वतःच ती 'जरा थांब' सांगायची सोय चालू केली. आता रांग भरत आली की मी लोंढेवाल्याला थांबवून धरतो, काही टाकत नाही. बाबांनो, माझ्यासारखे कुठे कुठे बसलेत, त्यांचे आकडे एकदा उघडून बघा.

दादांनी मात्र पडद्यावरचा तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाले, "बाकीचे कोणाचे होते?"

मला सांगता येत नाही. टाकलेला तुकडा कोणाचा, हे मी लिहून ठेवत नाही, नुसता मोजतो. त्या दिवशी एका सिस्टरने फोन केला. त्याआधी तीन वर्षांत कोणाचाच आला नव्हता.