चुकीचा रकाना

यशोधराने तेच गणित संगणकावर दहापट फेऱ्यांनी पुन्हा चालवलं, आणि निकालातली अनिश्चितता सांगणारा स्टँडर्ड एररचा आकडा आणखी बारीक झालेला पाहून ती चमकली. मधुमेहाने पाय जळतात त्यावरच्या साऱ्या औषधांची एकमेकांशी तुलना, हा तिचा प्रबंध. चाचण्या त्याच, रुग्ण तेच. मग संगणक जास्त वेळ चालला म्हणून औषधाबद्दलची शंका कमी कशी होईल?

तिने निकालाचा तक्ता वर सरकवला. इतके दिवस ती ज्या रकान्यातले आकडे उचलत होती, तो फक्त संगणकाच्या हिशेबातली चूकभूल दाखवत होता. औषधाबद्दलची खरी अनिश्चितता शेजारच्या, प्रमाण विचलनाच्या रकान्यात होती. तिने वापरलेल्या बेजियन या संख्याशास्त्रीय पद्धतीत स्टँडर्ड एरर म्हणून तोच आकडा घ्यायचा. आणि तो चांगला ऐसपैस होता. नवी गोळी जुनीपेक्षा सरस, असं छातीठोक सांगायची सोयच नव्हती.

तिने तर सांगून टाकलं होतं. शहरातल्या नेपियर टाउन भागातल्या डॉक्टरांनी दोन्हीपैकी कुठलीही चालेल म्हटल्यावर मधुमेही बाबांना नवी घ्यायला तिनेच लावली होती. प्रबंध दुरुस्त करता येईल, मार्गदर्शक सर चार शब्द सुनावतील. पण बाबांचं काय?

ती उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली. तिचे बाबा, दयाराम, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

"बाबा, माझी चूक झाली. नवी गोळी जास्त चांगली आहे असं नाही म्हणता येत. मी भलताच आकडा पाहिला."

त्यांनी चष्मा काढला.

"अच्छा. मंग जुनी घेतली तं चालते ना?"

"चालते. डॉक्टरांना विचारून उद्यापासून..."

"उद्यापासून काहून? मी जुनीच घेऊन राहिलो."

"म्हणजे?"

"नव्या गोळीनं चक्कर येत होती. दोन दिवसांत सोडली."

"मग मी रोज विचारत होती, तर तुम्ही आराम आहे म्हणत होते ना?"

"तू इतकी खूश होऊन विचारायची, बेटा. नाही कसं म्हणू?"

यशोधराला स्वतःची लाज वाटली. रोज सकाळी तिने विचारपूस केली होती ती गोळीची. ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"आणि पाय?"

दयारामांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"लय जळून राहिले," ते म्हणाले.