हापशाच्या पाटीवरचं शून्य सात

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, आणि मला माझीच किळस येते.

आयव्हरी कोस्टमधल्या बाउले लोकांच्या एका गावात, हापशाजवळच्या खांबावर मला ठोकलं आहे. 'हापसा बिघडल्यास कासूम मेकॅनिक' आणि खाली आठ आकडे, एवढंच माझं आयुष्य. हापशाची राखण करणाऱ्या अमेनानमावशीला अक्षरं येत नसत, आकडे येत. माझ्याकडे बघून तिनं फोन लावला की संध्याकाळपर्यंत कासूम शहरातून हजर. ती मला रोज फडक्यानं पुसायची.

मग देशातले फोन नंबर पुरेनासे झाले. प्रत्येक नंबराआधी दोन आकडे जोडायचे ठरलं, ज्याची जशी कंपनी तसे. आमच्या गावात एकाच कंपनीची रेंज येते, म्हणून झाडून सगळ्यांना शून्य सात. पाणी समितीचे याओ सायकलचा उरलेला रंग घेऊन आले आणि माझ्यावरही शून्य सात फासून गेले. शहरातल्या कासूमची कंपनी दुसरी आहे का, हे विचारायची तसदी कोण घेतो!

दोन वर्षांनी हापसा मोडला. मावशीचा फोन उचलला दूरच्या अबिजान महानगरातल्या एका वेण्या घालणारीनं.

"बाई, चौथ्यांदा सांगते, मी वेण्या घालते, हापसे नाही!"

"अगं, पण पाटीवर हाच नंबर आहे!"

"मग पाटीलाच सांगा पाणी काढायला!"

कासूम शहरात कुठं राहतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गाव डबक्यावर गेलं. वर हिरवा तवंग, खाली बकऱ्यांच्या लेंड्या. मावशीची नात जुलाबानं निपचित पडली. मावशी मात्र माझ्यासमोर उभी राहून तोच खोटा नंबर पुन्हा पुन्हा लावायची. तिचा माझ्यावर विश्वास होता, याचीच मला शिसारी येई.

नवव्या दिवशी त्या वेणीवालीलाच दया आली. "मावशी, त्याची कंपनी वेगळी असेल. आधी शून्य एक लावून बघा, नाहीतर शून्य पाच."

शून्य एक लागलं. कासूम आला, पाणी आलं, नात सावरली.

"याओ, पाटीवरचा आकडा बदल की रे," मावशी म्हणाली.

"तुला पाठ झालाय ना आता? उगाच रंग कशाला घालवायचा!"

मावशी गेल्या वर्षी वारली. माझ्यावर अजून सातच आहे. अन् कालपासून हापशाचा दांडा करकरतोय.

मित्रांनो, कुणीतरी या आणि मला दुरुस्त करा. तेवढंही होत नसेल, तर खरवडून टाका. कोऱ्या पत्र्यावर निदान कुणी विश्वास तरी ठेवणार नाही.