आई माळकरी होती

“बाबा, वासाचा त्रास होणार असेल तर आत्ताच सांगा. मी स्वयंपाकघराचं दार लावून करते,” अपेक्षा म्हणाली आणि पिशवीतलं पाकीट तिनं ओट्यावर ठेवलं.

पाकिटात डुकराच्या मांसाचे चार जाड तुकडे होते, बरगडीच्या हाडासकट. पोर्क चॉप्स. ऑफिसहून येताना वाट वाकडी करून कॅम्पातल्या कोल्ड स्टोरेजमधून आणलेले. शेजारी तीन संत्री, एक मोसंबं, दोन लिंबं आणि लॅपटॉप. लॅपटॉपवर एक गोरी बाई हसत हसत सांगत होती की कामाच्या दिवशी दमून घरी आल्यावर अर्ध्या तासात होणारं हे जेवण आहे. मंगळवार होता आणि माझी मुलगी दमलेली होती, एवढं त्या बाईचं खरं होतं. पण पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या या फ्लॅटमध्ये दमून आल्यावर आम्ही दोघं आजवर खिचडी खात आलो होतो.

“तुझं घर आहे. मला कसला त्रास?” मी म्हटलं.

“खवचट बोलू नका. घर तुमचंही आहे.” तिनं संत्रं कापायला घेतलं. “तुमच्यासाठी वरणभात लावलाय. पॅनही मी वेगळा आणलाय. नाही, आपल्याकडे चालत नाही ना. आजी माळकरी होती.”

हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राकडे पाहिलं.

माझं नाव जयसिंग धोत्रे. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, त्याला तीन वर्षं झाली. त्याच वर्षी माझी बायको शालन गेली. मुलगी एकच, ही अपेक्षा. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे, वर्षभर अमेरिकेत राहून आली आणि आल्यावर मला इथे घेऊन आली. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं इतकंच. न सांगितलेलं मात्र एक आहे. आम्ही वडार. माझा बाप वाघोलीकडच्या खाणीत दगड फोडायचा, आई पाटीतून खडी वाहायची आणि आमच्या झोपडीमागे आमची डुकरं असायची. हे साधं सरळ बोलणं मी ऑफिसात, शेजारात, मुलीच्या शाळेत, कुठेही कधी तोंडातून बाहेर काढलं नाही. जात कागदावर होती आणि कागद कपाटात होता. डुकरं तर कागदावरही नव्हती.

अपेक्षाला तरी सांगावं, असं मला पुष्कळदा वाटलं. ती दहावीला होती तेव्हा वाटलं, नोकरीला लागली तेव्हा वाटलं. तिला विमानतळावर सोडताना तर शब्द अगदी ओठांवर आले होते. पण एकदा ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागणार होतं, आणि पुढचं आईबद्दल होतं.

पॅन तापला. अपेक्षानं तुकडे कागदानं टिपून कोरडे केले, मीठमिरी चोळली आणि दोन तुकडे पॅनमध्ये सोडले. चर्र झालं. घरभर तो वास पसरला आणि मी वर्तमानपत्राची घडी घातली.

वस्तीत देवीच्या जत्रेला डुक्कर कापायचे. पाचटाच्या जाळावर भाजून, खरवडून, स्वच्छ करून त्याचे वाटे घालायचे, पळसाच्या पानांवर, घरटी एक. घरातून बाहेर राहायला गेलेल्या मुलाचाही वाटा निघायचा. तो आला नाही तर त्याची आई शिजवून त्याच्याकडे घेऊन जायची. वाटा न नेणं म्हणजे मुलगा मेला असं धरणं.

एक्याण्णव साली मी नारायण पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझ्यामागे कोणी काठी घेऊन लागलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. घरमालक यज्ञेश्वर दामले फटकळ होते, पण ते सगळ्यांशीच फटकळ होते. वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाई तर पहिल्याच आठवड्यात अळूची भाजी घेऊन आल्या होत्या. महिन्या-महिन्याला कुणाकडे ना कुणाकडे रंगीत टीव्ही येत होता, मुलं इंग्रजी शाळेत जात होती, आणि मला या सगळ्यांत बेमालूम मिसळून जायचं होतं. भीती होती ती माझीच.

जत्रेनंतर आई पीएमटीच्या दोन बसा बदलून आली. हातात स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. “तुजा वाटा,” म्हणाली. शालननं चहा केला, आईनं नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती लगेच परत गेली, कारण मी बसची वेळ तिला दोनदा सांगितली होती. ती गेल्यावर मी डबा पिशवीत घातला, लकडी पुलाकडे चालत गेलो आणि तो नदीत रिकामा केला. झाकण उघडताना वास आला. मी खाल्लं नाही. माझे हातही थरथरले नाहीत, आणि आज लाज वाटते ती त्याचीच.

डबा घासला. पेठेत कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मी एव्हाना शिकलो होतो. आनंदीबाईंची वाटी शालननं साखर घालून परत केली होती. मी आईच्या डब्यात तळाला चांगली दोन बोटं साखर भरली आणि रविवारी वस्तीवर गेलो. आपण किती सुधारलो, असंही मनात होतं.

आईनं झाकण उघडलं. “ही कशापायी?”

“रिकामा डबा देऊ नये म्हणून.”

“ते शेजाऱ्यापाजाऱ्याला, जयसिंगा. आईचा डबा मोकळाच येतो.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “खाल्लंस न्हवं?”

“खाल्लं की. छान झालं होतं.”

आईनं साखर तिच्या पत्र्याच्या डब्यात ओतली, तळ हातानं पुसून घेतला. पुढच्या वर्षी डबा आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

“अरे यार!” अपेक्षा ओरडली. चॉप्सच्या कडा वर वळून वाटीसारख्या झाल्या होत्या. त्या पॅनला टेकतच नव्हत्या. “हे असं का होतंय? व्हिडिओत तर सपाट आहेत.”

“चरबीच्या कडेला चिरा दे,” मी म्हटलं. “दोन-दोन बोटांवर. चरबी आकसली की मांस ओढलं जातं. आणि आधी चरबीची बाजू खाली धर, उभा. तिचंच तेल सुटेल.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं सुरी घेतली, उरलेल्या दोन तुकड्यांना चिरा दिल्या, चिमट्यात उभे धरले. ते सपाट भाजले गेले, छान तांबूस.

“तुम्हाला कसं माहीत, बाबा?”

सांगायची हीच वेळ होती. याहून चांगली येणार नव्हती.

“वाचलं होतं कुठेतरी,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि चॉप्स ताटलीत काढून ठेवले. पॅनच्या तळाला काळपट खरवड धरली होती. त्यात तिनं संत्र्याचा आणि मोसंब्याचा रस ओतला, उलथन्यानं खरवड सोडवली, रस आटू दिला. मग लोणी घालून लिंबाची फोड हातात घेतली आणि उकळत्या रसावर धरली.

“थांब! आधी उतरव,” मी म्हटलं. “विस्तवावर लिंबू पिळू नये, कडू होतं.”

“विस्तवावर?”

गॅसच्या शेगडीला पुण्यात कोणी विस्तव म्हणत नाही. अपेक्षानं गॅस बंद केला. पॅन उचलून बाजूला ठेवला, पण लिंबू पिळलं नाही. ती तशीच उभी राहिली.

आता आईचं सांगतो. बाप गेल्यावर, शहाण्णव साली, मी तिला नारायण पेठेत आणलं. महिनाभरात आनंदीबाईंनी जिन्यात सहज विचारलं, “तुमच्या आईंना काय काय चालतं हो? उद्या जेवायला बोलवायचं म्हणते.” त्यांना इतकंच हवं होतं की कांदा-लसूण घालायचा की नाही. मी म्हटलं, “आई माळकरी आहे. मांसमच्छी शिवत नाही.” कुणी न विचारलेलं. आई मागे पायरीवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर आईच्या गळ्यात तुळशीची माळ. आनंदीबाईंना सोबत घेऊन ती मंडईजवळ गेली होती, माळ विकत घेतली, देवळात हात जोडले आणि घातली. मी विचारलं, “हे काय गं?”

“तू बोललास न्हवं चारचौघांत? मग लेकाला खोटं पडू दिऊ का?”

सात वर्षं ती माळ तिनं काढली नाही. पालेभाजी, वरण, भात. मी आणि शालन रविवारी बाहेर जाऊन मटण खाऊन यायचो, येताना बडीशेप चघळत यायचो. शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, सूप द्या, अंगात ताकद नाही. आईनं माळेला हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, नको. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, ‘काढ ती. मी खोटं बोललो होतो. काय खावंसं वाटतं ते सांग, कुठूनही आणतो.’ आनंदीबाई खोलीत होत्या. मी डॉक्टरांना म्हटलं, “ती माळकरी आहे.”

“आजी पण हेच म्हणायची,” अपेक्षा म्हणाली. ती पॅनकडे बघत होती.

“काय?”

“पातेलं चुलीवरून उतरवायचं, वाफ जरा बसू द्यायची, मग लिंबू. विस्तवावर पिळलं की कडू. चरबीला चिरा द्यायच्या. सगळं. दुपारी मी शाळेतून आले की सांगायची, तुम्ही दोघं ऑफिसात आणि बाजारात असायचात तेव्हा. खाणीचं, आजोबांचं, डुकरांना नावं ठेवली होती त्याचं. मला माहीत आहे, बाबा. तेरा वर्षांची होते तेव्हापासून.”

मला बसावंसं वाटलं. मी बसलेलोच होतो.

“बोलली नाहीस कधी,” मी म्हटलं.

“तिनं शपथ घातली होती. म्हणाली, बापाला इचारू नगं, त्येला लाज वाटंल. त्येचं त्यो सांगंल तवा ऐक.” अपेक्षाला आजीची बोली हुबेहूब जमत होती. मला ती आता जमली नसती. “मी वाट बघत होते. अमेरिकेत असताना वाटायचं, फोनवर तरी सांगतील, समोर नसल्यावर सोपं जाईल. आज मुद्दाम हे आणलं. म्हटलं, वास आला की तरी बोलाल. तर तुम्ही वाचलं होतं कुठेतरी!”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांत मुलीनं मला सतरा वेळा दार उघडून दिलं होतं आणि मी दर वेळी ते बाहेरूनच लोटून घेतलं होतं. मी तिला लाजत होतो, आणि ती माझी लाज सांभाळत होती. आईनं सांभाळली तशी.

मला विचारण्यासारखं एकच उरलं होतं. आई गेल्यापासून आठ वर्षं ते कुणाला विचारावं हे कळत नव्हतं. “माझ्यावर रागावली होती का गं ती?”

अपेक्षानं लिंबू पिळलं. एक फोड, मग दुसरी. बिया बोटांनी अडवल्या.

“नाही. मी विचारलं होतं तिला, आजी, तुला खावंसं वाटत नाही का? तर म्हणाली, ‘पयली दोन सालं लई वाटायचं. मग तोंडातनं चवच गेली बग. आता कुणी आणून दिलं, तरी मला वळखायचं न्हाई.’”

बाहेर सोसायटीच्या बागेत मुलं खेळत होती. कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारत होतं. अपेक्षानं दोन ताटं घेतली. माझ्या ताटात तिनं आधी वरणभात वाढला, मग थांबली.

“वाढ,” मी म्हटलं.

तिनं एक चॉप ठेवला, वरून दोन चमचे रस घातला. सुरी-काटा पुढे केला तो मी बाजूला सारला. हाड धरून घास तोडला. मांस बाहेरून खरपूस होतं, आत मऊ. संत्र्याचा गोडवा, मागून लिंबाचा आंबटपणा. मिरी जरा जास्त पडली होती.

“तसं लागतंय का?” अपेक्षानं विचारलं. ती स्वतः अजून जेवायला लागली नव्हती.

मी चावत राहिलो. हो म्हणणं सोपं होतं. पोरीला बरं वाटलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

“आठवत नाही गं,” मी म्हटलं.

तिनं मान खाली घातली. मी दुसरा घास घेतला, मग तिसरा. डोळे मिटूनही पाहिलं. चव चांगली होती. ती आईच्या हातची होती की नव्हती, हे सांगू शकेल असं आता कोणीच उरलं नव्हतं.