रंग वाळेपर्यंत

मी बागेच्या मागच्या फाटकाचं कुलूप बोलतोय. मध्येच अडखळलो तर समजून घ्या. परवा माझ्यासमोर एक कागद वाचला गेला, तेव्हापासून माझी दातखीळ बसली आहे.

कारखान्यातल्या खोक्यात आम्ही कुलपं एकमेकांना विचारायचो, कोणाच्या नशिबी तिजोरी, कोणाच्या नशिबी दागिन्यांचं कपाट. माझ्या वाट्याला झाडं आली. आधी हिरमुसलो. मग वाटलं, झाडं राखणं ही काय कमी जोखीम आहे? छाती फुगवून लटकलो.

बागेला फाटकं दोन. पुढचं बंगल्यांच्या रस्त्यावर. तिथे 'सर्वांसाठी खुली' अशी पाटी. मागचं माझं, एका गल्लीच्या तोंडाशी. या गल्लीत एकेका खोलीत पाच-पाच माणसं राहतात आणि खिडकीसमोर गोदामाची भिंत येते. इथून पुढच्या फाटकाला जायचं तर गोदामांना वळसा घालून ट्रकांच्या हमरस्त्याने जावं लागतं. धडधाकट माणसाला पाऊण तास.

गल्लीत एक शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. जन्मभर कापडाची धूळ छातीत गेलेली. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलं होतं : झाडांखाली चालणे, रोज अर्धा तास. ती चिठ्ठी घेऊन त्यांची बायको राखणदारकाकांकडे आली. तिला गल्लीभर मावशी म्हणतात.

"काका, चावी तर तुमच्याच कमरेला आहे."

"आहे ना. पण ऑर्डर नाही, मावशी."

"बंद ठेवायची ऑर्डर कोणाची?"

"जुन्या साहेबांची. ते बदलून गेले."

"मग नव्यांना विचारा की!"

"विचारलं. म्हणाले, जुन्यांची ऑर्डर मी कशी मोडू?"

मास्तर हमरस्त्याने दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला धुराने असा दम लागला, की कोणा अनोळखी माणसाने गाडीत घालून घरी आणलं. मग मावशी रोज सकाळी फाटकाला टेकवून स्टूल मांडू लागली. मास्तर गजांत नाक खुपसून बसायचे.

काका दर महिन्याला मला तेल द्यायचे. "याची तब्येत बघ गं," मास्तर म्हणायचे. "औषध कसं वेळेवर मिळतं!" मावशी हसायची. आणि मी, खरं सांगतो, मनातून सुखावायचो.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग एका सकाळी स्टूल आलं नाही.

पंधरा दिवसांनी मावशी एकटीच आली. काकांनी मान खाली घातली. तिने मला तळहातावर घेतलं, जरा वेळ तसंच धरलं आणि सोडून दिलं.

"त्या ऑर्डरचा कागद कुठे मिळेल, काका?"

"आता कशाला, मावशी?"

"शेजारच्या सुनेचं बाळ सारखं खोकतंय. तिलाही डॉक्टरीणबाईंनी तेच लिहून दिलंय."

कचेरीत तिने चार खेपा घातल्या. परवा सकाळी आली तेव्हा हातात एक झेरॉक्स होती. "तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "मी कितीदा वाचलं, माझा विश्वास बसत नाही."

काकांनी चष्मा लावला. "मागील फाटकास रंग देण्यात येत आहे. रंग वाळेपर्यंत फाटक कुलूपबंद ठेवावे."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख होती.

"मला नुसतं 'कुलूप लाव' म्हणाले होते," काका कसेबसे म्हणाले. "उघड असं कोणी सांगितलंच नाही."

मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "हात लावून बघा," ती म्हणाली. "वाळलाय का?"

काकांनी गजावर हात ठेवला. तळव्याला तांबडा गंज लागला. रंग केव्हाच पोपडे धरून गळून गेला होता.

मी सुन्न झालो. तीन वर्षं मी झाडं राखतोय अशा ऐटीत होतो, आणि राखत होतो ओला रंग! काकांनी चावी घातली, ती एका झटक्यात फिरली. तेल वेळेवर मिळालं होतं ना.

मावशी आत गेली. मास्तरांचं घड्याळ तिच्या मनगटावर सैल फिरत होतं. अर्ध्या तासाने ती फाटकापर्यंत आली, घड्याळ पाहिलं आणि परत वळली. दुसरा अर्धा तास कोणाचा, हे काकांनी विचारलं नाही.

आता मी फाटकाच्या साखळीला उघडाच लोंबतो. शेजारची सून बाळाला खांद्यावर टाकून माझ्यासमोरून आत जाते. बाळ कधी कधी माझ्याकडे हात करतं. मला त्याच्याकडे बघवत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. मला पुन्हा कुठे लावायची वेळ आलीच, तर काढायचं कधी आणि काढायचं कोणी, तेही तेव्हाच ठरवा. मला स्वतःहून उघडता येत नाही हो.